वाघमाणसाचं वय मोजायचं कसं?

प्रश्न नागपूरच्याच एका इंजिनिअरिंगच्या मुलीचा आहे. ती मराठीत एक अद्भुतकथा लिहिते आहे, आणि तिची काही प्रकरणं तिने मला वाचायला दिली आहेत. त्या गोष्टीत माणसांच्या शेजारी मांजरकुळातल्या तीन बोलत्याचालत्या जमाती राहतात. पट्ट्यांचे, एकेकटे राहणारे 'ढाणे'. कळपाने राहणारे 'आयाळे'. आणि झाडांवर वस्ती करणारे 'बुंदके'. तिने विचारलंय, "काका, ढाण्यांचं एक वर्ष म्हणजे माणसाची पाच वर्षं असं धरलं तर चालेल का? माझी नायिका सोळा वर्षांची आहे. तिचा आजोबा सत्तरीचा आहे आणि अजून सांबर मारतो."

मी पशुवैद्य. सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजात शिकलो आणि पुढची तीसेक वर्षं गाई-म्हशी, कुत्री-मांजरं आणि मधूनमधून बेशुद्ध केलेले वाघ-बिबटे तपासण्यात गेली. गोष्ट कशी रचायची यातलं मला काही कळत नाही. पण जनावर वाढतं कसं आणि थकतं कसं, हे दातांवरून, सांध्यांवरून, मुत्रपिंडांवरून पाहिलंय. तेवढ्या भांडवलावर लिहितो.

पाचाचा पाढा चालणार नाही. म्हणजे शेवटाकडे चालतो, सुरुवातीला सपशेल आपटतो. जंगलातला वाघ १० ते १५ वर्षं जगतो. पंधरा पंचे पंच्याहत्तर, माणसाचं आयुष्य बरोब्बर आलं, आणि इथेच तू खूश झालेली दिसतेस. आता दुसऱ्या टोकाने बघ. बछडं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धडपडत चालायला लागतं, माणसाचं बाळ वर्षाचं झाल्यावर. म्हणजे इथे पाचपट नाही, पंधरापटीच्या आसपास. दुधाचे दात बछड्याला दोन-तीन आठवड्यांत, आपल्या बाळाला सहा महिन्यांत; दहापट. कायमचे सुळे त्याला वर्षाच्या आसपास, आपल्याला १० व्या-११ व्या वर्षी, पुन्हा दहापट. आईला सोडून निघणं त्याचं दोनाच्या सुमारास. आपल्याकडच्या पोट्ट्यांचं विचारूच नकोस, पण अठरा-वीस धर. मग वाघिणीचं पहिलं बाळंतपण साडेतीन-चार वर्षांची असताना, आणि तिथे कुठे तुझी पाचपट येते.

दवाखान्यात मांजर घेऊन येणारे लोक हाच प्रश्न विचारतात, तेव्हा आम्ही सांगतो की पहिलं वर्ष माणसाच्या पंधरा वर्षांइतकं, दुसरं नऊ वर्षांइतकं, आणि त्यापुढे दर वर्षाला चार धरा. कुत्र्याचं 'सात गुणिले' हेही असंच लोकांच्या तोंडी बसलेलं, पण चुकीचं गणित. २०२० साली लॅब्राडोर कुत्र्यांच्या डीएनएवरच्या वयाच्या खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या गेल्या, तेव्हाही सरळ रेघ आली नाही. आधी खडी चढण आणि मग सपाट होत जाणारी रेषा आली.

तर गुणाकार सोड. त्याऐवजी प्रत्येक जमातीबद्दल दोन गोष्टी ठरव. पोराला कोण खाऊ घालतं, आणि म्हाताऱ्याला कोण खाऊ घालतं. वयाचं बाकी सगळं कोष्टक त्यातून आपोआप निघतं.

जन्मापासून बघू. वाघिणीचे दिवस जेमतेम साडेतीन महिन्यांत भरतात, १०३ ते १०५ दिवस. पिल्लू एक किलोच्या आसपासचं, आंधळं, आणि एका वेताला दोन ते चार. सव्वाशे-दीडशे किलोच्या आईला एक किलोचं पोर, म्हणजे टक्काभरही नाही. आपल्याकडे पंचावन्न किलोची बाई तीन किलोचं बाळ नऊ महिने पोटात वागवते. कारण उघड आहे. वाघीण पोटुशी असली तरी तिला कोणी डबा आणून देत नाही. शेवटच्या आठवड्यातही तिलाच दबा धरून चितळाच्या मागे झेप घ्यायची असते, आणि जड पोटाने ते जमत नाही. म्हणून लवकर जन्म द्यायचा, छोटा द्यायचा, आणि उरलेली वाढ दुधावर करून घ्यायची. तुझे ढाणे खरोखर एकटे राहत असतील तर त्यांच्या बायका नऊ महिन्यांच्या गरोदर दाखवू नकोस. वस्तीतले लोक गरोदर बाईला शिकार आणून देतात असं असेल, तर दिवस लांबव.

इथे एक गंमत तुझ्यासाठी. बछड्याचे डोळे उघडतात ते पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, साधारण सहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या मधे. आणि आपलं बारसं बाराव्या दिवशी! ढाण्यांमध्ये डोळे उघडल्यावरच नाव ठेवतात असं लिही, कोणालाही खटकणार नाही. डोळे उघडतात तेव्हा निळसर असतात, पिवळा रंग नंतर चढतो. उष्टावण दुसऱ्या महिन्यात, मांसाचं. दूध पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत चालू राहतं. जंगलात जवळपास निम्मे बछडे दोन वर्षांचे व्हायच्या आत जातात. कुठे दुसरा नर मारतो, कुठे उपास पडतो. ज्या समाजात अर्धी मुलं जातात, तिथे पोरांची लाडाची नावं, नवस, बोलणी सगळं वेगळं असणार. ते तुझ्या प्रकरणांत मला कुठे दिसलं नाही.

आता दोन वर्षांचा टप्पा, कारण तुझ्या नायिकेचं खरं दुखणं तिथे आहे. सफारीहून आलेले लोक सांगतात, "चार वाघ दिसले, साहेब!" असते एक आई आणि तिची तीन पोरं. दीड-पावणेदोन वर्षांचा नर अंगाने आईला मागे टाकतो आणि तरीही तिने मारलेल्यावर जेवतो. बाहेरून गडी, आतून शाळकरी. शरीर तयार होतं, पण मान कुठे धरायची, रानडुकराला कुठून भिडायचं, साळिंदराच्या नादी का लागायचं नाही, हे पाहून आणि चुकून शिकायला वेळ लागतो. मग आई हळूहळू तोडते आणि नर पोरगा निघतो. नागपूरकरांना 'जय' वाघ आठवत असेल. नागझिऱ्यात जन्मला, तिनेक वर्षांचा होता तेव्हा २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात येऊन राज्य केलं, आणि २०१६ च्या एप्रिलनंतर दिसलाच नाही. म्हणजे सहाएक वर्षांचाच होता आणि आख्खं चरित्र झालेलं होतं. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला तरुण नर ३,००० किलोमीटरच्या आसपास चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला, तोही याच वयातला. पाचाच्या पाढ्याने या वयात तुझा ढाणा १० वर्षांचा, चौथी-पाचवीतला होतो. चौथीतलं पोर असं घर सोडून निघतं का?

पण तुझे ढाणे बोलतात, गाणी रचतात, करार करतात. हे आलं की वाघाचा वेग टिकत नाही. वाघाचा मेंदू ३०० ग्रॅमच्या आतबाहेर, आपला १,३०० च्या पुढे. एवढा मेंदू बांधायला आणि भरायला फार खर्च येतो. पाच वर्षांच्या मुलाचं शरीर नुसतं बसलेलं असताना जेवढी ऊर्जा खर्च करतं, त्यातली निम्म्याहून जास्त एकटा मेंदू खातो. म्हणून तर तिसऱ्यापासून दहाव्या वर्षापर्यंत पोरं उंचीने हळूहळू वाढतात आणि मग बारा-चौदाला एकदम बांबूसारखी सुटतात. वाघाच्या पोरात ती मधली संथ वर्षं नाहीतच. जन्मल्यापासून चढच चढ. भाषा असलेला ढाणा हवा असेल तर त्याला ही संथ वर्षं द्यावी लागतील, आणि तेवढी वर्षं त्याला कोणीतरी पोसावं लागेल. एकटी आई चार पोरांना दहा वर्षं पोसू शकत नाही. एक तर वेताला एकच पोर कर, नाहीतर बाप, मावशी, आत्या यांना शिकारीला लाव. मग ते 'एकेकटे' राहिले नाहीत, हे तुला मान्य करावं लागेल. मला विचारशील तर तुझ्या गोष्टीतली सगळ्यात मोठी फट हीच आहे, वयाचा आकडा नव्हे.

आता दात. इथे मी जरा लांबण लावणार.

बेशुद्ध वाघ टेबलावर येतो तेव्हा आपण झायलाझिन-केटामाइन दिलेलं असतं. त्यात डोळे उघडेच राहतात. म्हणून आधी डोळ्यांत मलम घालायचं आणि वर ओलं फडकं टाकायचं. जीभ बाजूला ओढून घ्यायची. आणि मग वरचा ओठ अंगठ्याने वर सरकवला की वय समोर येतं. तीन-चार वर्षांच्या वाघाचा सुळा पांढरा, टोकदार, त्यावरच्या उभ्या खाचा बोटाला लागतात. सहा-सातला रंग मोगऱ्याचा सुटून सायीचा होतो आणि टोक बोथटतं. दहाच्या पुढे पिवळा-तपकिरी, खाचा पुसलेल्या, हिरडी मागे सरकलेली, त्यामुळे दात उलट लांब दिसतो. नवख्याला वाटतं जोमदार आहे. बाराच्या पुढे बहुतेकांचा एखादा तरी तुटलेला असतो. एक्स-रे काढला तर तरुण सुळ्यातली पोकळी रुंद दिसते, म्हाताऱ्याची सुईएवढी. आपल्याला ३२ दात, वाघाला ३०; पण त्याचा सगळा संसार त्या चार सुळ्यांवर. आणि वाघ असो की माणूस, दात दोनदाच येतात. पोराचा नवा सुळा येताना काही काळ जुना आणि नवा शेजारी शेजारी उभे असतात. एक दिवसही सुळ्याशिवाय काढायची सोय नाही, म्हणून निसर्गाने केलेली ही व्यवस्था.

यात मी स्वतः फसलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका गावात पिंजऱ्यात आलेला बिबट पाहायला नेलं होतं. वरचे दोन्ही सुळे मोडलेले. मी कागदावर 'वय १० ते १२' लिहून मोकळा झालो. म्हातारा, शिकार जमत नाही, म्हणून गावात येतो, असा सगळ्यांचा आणि माझाही हिशेब जुळला, आणि तो कायमचा बंदिस्त झाला. दोन दिवसांनी तिथला जुना वनमजूर म्हणाला, "साहेब, सळई पाहाना जरा. तिले रगत हाये." पुन्हा पाहिलं. मोडलेल्या जागी मधोमध लाल ठिपका होता. जुना मोड काळपट असतो, हा ताजा होता. पुढचे बारीक दात करवतीसारखे धारदार. जेमतेम चार वर्षांचा बिबट रात्रभर पिंजऱ्याची लोखंडी सळई चावत बसला होता. कागद बदलायला मी धावाधाव केली, उपयोग झाला नाही. तेव्हापासून एका दातावरून वय लिहीत नाही. पुढचे दात, दाढा, हिरडी, नाकाचा रंग, कानांच्या कडा, सगळं पाहून मगच. तुझ्या गोष्टीत कैदेत असलेला ढाणा असेल तर हा प्रसंग खुशाल उचल.

म्हातारपण येतं ते असं दाताने. जंगलातला वाघ 'म्हातारा होऊन' फारसा मरत नाही. सुळा मोडतो, सांबराची मान सुटते, मग गुरं, मग उपास, मग एखादा तरुण नर. हृदय-मुत्रपिंडाला झिजायला वेळच मिळत नाही. पिंजऱ्यात रोज कापलेलं मांस मिळालं की तोच वाघ अठरा-वीसला पोचतो, आणि मग आम्हाला मणक्याचे सांधे जखडलेले, मुत्रपिंडं दमलेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले दिसतात. रणथंबोरच्या मछली वाघिणीचे सुळे गेले होते. वनखात्याने तिच्यासाठी खाद्याची सोय केली आणि २०१६ मध्ये गेली तेव्हा ती एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास होती. बंगालमधल्या खैरबाडीचा 'राजा' नावाचा वाघ तर सुंदरबनात मगरीने जखमी केलेला. माणसांच्या हातून खात पंचविशी ओलांडून २०२२ मध्ये गेला. तीच हाडं, तेच रक्त. फरक एवढाच की ताट कोणीतरी समोर ठेवलं.

म्हणून तुझ्या सत्तरीच्या आजोबाने सांबर मारणं मला पटत नाही. ढाणे शिजवून खातात का? मांस कुटतात का? हत्तीसारखे पुन्हा पुन्हा दात येतात का? (हत्तीला दाढांचे सहा संच येतात, एक झिजला की मागून दुसरा सरकतो; शेवटचा झिजला की तोही उपाशी.) यातलं एक काहीतरी ठरव, नाहीतर आजोबांना बसून खाऊ घाल.

आजीचा प्रश्न वेगळा. मध्य प्रदेशातल्या पेंचची 'कॉलरवाली' आठ वेतांत २९ बछडे देऊन २०२२ च्या जानेवारीत गेली, सोळा वर्षं पार करून. तिचं शेवटचं वेत आणि शेवट यांत तीनेक वर्षांचंच अंतर होतं. माणसाच्या बाईची पाळी पन्नाशीला थांबते आणि ती त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं नातवंडं सांभाळते, तसा टप्पा वाघिणीच्या आयुष्यात नाही. सस्तन प्राण्यांत तो फार थोड्यांना आहे. किलर व्हेल, पायलट व्हेल अशी चार-दोन नावं. तुझ्या चौथ्या प्रकरणात गोष्टी सांगणारी ढाणी आजी फार गोड आहे. ती ठेवायची तर त्या जमातीत म्हाताऱ्या बायका पोरं सांभाळतात हे आधीच्या प्रकरणात पेरून ठेव.

आयाळ्यांबद्दल थोडक्यात. सिंहाच्या पोराला वर्षाच्या आसपास मानेवर खरबरीत केस फुटतात, पुरती आयाळ चार-पाचला, आणि वयाबरोबर ती गडद होत जाते. खच्ची केलेल्या सिंहाची आयाळ गळते, हे लक्षात ठेव. राजाला पदच्युत करायची एक भयंकर पद्धत तुला त्यातून मिळेल. सिंहाचं नाक गुलाबी असतं, ते वयाबरोबर काळं पडत जातं, पाचाच्या सुमारास निम्मं. आयाळे एकमेकांचं वय नाकावरून ओळखतात असं लिहायला हरकत नाही. नर मात्र कळप हाती ठेवतो दोन-तीन वर्षंच, त्यामुळे आयाळ्यांत म्हातारे पुरुष दुर्मिळ आणि म्हाताऱ्या बाया बऱ्याच, असं गाव असेल. बुंदके आपले सरळ आहेत. बिबट्याचं पोर वर्ष-दीड वर्षात सुटं होतं, म्हणून त्यांना ढाण्यांपेक्षा लवकर मोठं कर, एवढंच.

ढाण्यांचे पट्टे मात्र वयाने बदलत नाहीत. शस्त्रक्रियेसाठी केस भादरले तर खाली कातडीवरही तेच पट्टे असतात. पोराला आईने एकदा पाहिलं की पुढे कधीही ओळखेल.

आता आकडे. तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे वाघाचंच छोटं आयुष्य ठेवायचं, वीसेक वर्षांचं, आणि बुद्धी मात्र माणसाची. मेंदूचं गणित इथे मोडतं, पण गोष्टीत एवढी सवलत वाचक देतात. आपल्याकडे ऐंशी-एक्याऐंशीला सहस्रचंद्रदर्शन करतात. ढाण्याच्या पंधरा वर्षांत पौर्णिमा येतात १८५. त्यांचं 'शतचंद्र' आठव्या वर्षी, ऐन भरातून उतरताना. तुझा माणसाचा मुलगा आणि ढाण्याची मुलगी एकाच रात्री जन्मले असं धर. तो अंगणवाडीतही गेलेला नसतो तेव्हा ती घर सोडते. तो पहिलीत असतो तेव्हा तिला पोरं असतात. तो दहावीच्या बोर्डाला बसतो तेव्हा तिचे सुळे गेलेले असतात. मी लिहिणारा असतो तर हीच वाट धरली असती.

दुसरी वाट, आयुष्य साठ-पासष्टपर्यंत ताणायची. मग दिवस पाच महिन्यांचे, पोर एकच; डोळे बाराव्या दिवशी; चालणं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात; दूध दीड वर्षापर्यंत; बोलणं दुसऱ्या वर्षी. कायमचे सुळे सात-आठला, म्हणजे आपल्या मुंजीच्या वयाला, तो सोहळा जरूर कर. घर सोडणं बारा-तेराला, पहिलं पोर सोळा-सतराला. भर तिशीपर्यंत. चाळिशीला सुळे संपतात, आणि त्यापुढची वीस-पंचवीस वर्षं ज्याला वस्ती खाऊ घालते तोच काढतो.

या हिशेबाने तुझी सोळा वर्षांची नायिका अल्लड पोरगी उरत नाही. तिचं स्वतःचं रान आहे, कदाचित पोटात पोर आहे. तिला आईशी भांडून पहिल्यांदा घराबाहेर पडताना दाखवायचं असेल तर तिला बाराची कर. आजोबांना पंचावन्नवर आण. पहिल्या प्रकरणात सांबर नायिकेला मारू दे, आणि आजोबांच्या वाट्याला यकृत काढून ठेवू दे. बिनसुळ्यांच्या वाघालाही ते चावायला लागत नाही.